आवाज बंद म्हणजे गाडी उभी

कमळ्या,

बांधावर पडल्या पडल्या तू मला एकच गोष्ट विचारलीस. "गप कशाला झालास रं?"

शिवी दिली असतीस तर बरं झालं असतं. तुला शिव्या काही कमी येत नव्हत्या. पण तू खरंच विचारलंस, जेवताना 'मीठ कुठं हाय' विचारावं तसं. तुला ते जाणून घ्यायचं होतं, आणि मी तुझ्या तोंडाकडे बघत चिखलात गुडघ्यावर बसलो होतो. मी उत्तर दिलं नाही. पुढे वाटेतही दिलं नाही. परवा तुझा तेरावा झाला, जिलेबी वाढायला मीच होतो, आणि तेव्हाही ते उत्तर माझ्यापाशीच होतं.

आज देतो. उशीर झालाय, ठाऊक आहे.

आधी गाडीचं. वहिनी तिला अजून 'ती पांढरी' म्हणतात. ती पांढरी आणायची कल्पना तुझी. डिझेलचा टेम्पो विकून बॅटरीवरची पिकअप घ्यायची म्हटल्यावर मी नाक मुरडलं होतं. "अरे, आपल्याला तळोज्याला माल टाकायचाय, ही खेळणी कशाला?" तर तू म्हणालास, "खेलनी तर खेलनी. जन्मात एक तरी गाडी माज्या डोक्याला ताप न देनारी पाहिजे." घणसोलीच्या आपल्या गल्लीत दोन रिक्षा समोरासमोर आल्या तर एकीने मागे जायचं, तिथे तू ती पिकअप उलटी आणून दारात लावलीस आणि वरच्या भाडेकरूच्या गॅलरीतून चार्जिंगची वायर खाली सोडलीस. त्यांच्या ओल्या साड्या वायरीला लागायच्या. रोज भांडण. मग तूच एक दिवस त्या बाईंना पिकअपमध्ये बसवून पामबीच रोडवरून फिरवून आणलंस आणि भांडण मिटलं. "आवाजच नाय हो हिला," असं त्या कितीतरी दिवस सांगत होत्या.

आवाज नाही. तिथेच सगळं आलं.

आठवडाभर आपण तळोज्याच्या कंपन्यांत खोके टाकायचो, आणि रविवारी तू तिला खाजणात, खाडीकाठच्या खाऱ्या चिखलात न्यायचास. जासईच्या पुढे, वहिनींच्या माहेरचं जिताडा माशांचं तळं. कंटेनर यार्डाच्या भिंतीपाशी डांबर संपतं. तिथून पुढे खाडीचा बांध. एका अंगाला तळी, दुसऱ्या अंगाला खारफुटी. बर्फ न्यायचा आणि मासळी आणायची, हे निमित्त. खरं म्हणजे तुला तिथे गाडी घालायला आवडायचं. ट्रकवाले यार्डाच्या भिंतीवर कोपरं टेकून बघत राहायचे, की हे दोन म्हातारे कंपनीची डिलिव्हरी गाडी चिखलात कशाला घेऊन चाललेत.

पहिल्या रविवारी मी म्हणालो, "खारं पाणी बॅटरीत गेलं तर?"

"बॅटरी बंद डब्यात हाय. तुज्या तोंडासारकी."

माझ्या न बोलण्यावरून तू मला शाळेपासून चिडवत आलास. मला त्याची सवय झाली होती. निदान मला तसं वाटत होतं.

मग तू खाली उतरलास, चपला काढून सीटखाली सरकवल्यास, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलीस आणि मला स्टेअरिंगवर बसवलंस. "तू चालव. मी पायानं बगतो." तुझे बाबा बैलगाडीच्या दिवसांत असंच करायचे म्हणे. भाताचे भारे आणताना एकाने अनवाणी पुढे चालायचं, टाच दाबत. टाचेखाली बांध घट्ट लागला तर चालत राहायचं. बोटांच्या मधून पाणी वर आलं तर हात वर करायचा. डोळ्यांना वरची कोरडी साय दिसते, खालचा गाळ टाचेलाच कळतो.

आणि मागच्या गाडीवाल्याने तोंड बंद करायचं नाही. चिखलात चाकाचा आवाज येत नाही, म्हणून त्याने बैलांशी, देवाशी, स्वतःशी, कुणाशीही बोलत राहायचं. पुढच्याला त्यावरून कळतं गाडी किती जवळ आहे. आवाज चालू म्हणजे गाडी चालू. आवाज बंद म्हणजे गाडी उभी. डिझेलचे टेम्पो आले तशी ही रीत गेली. इंजिनच एवढं बोंबलायचं की माणसाने बोलायची गरज नव्हती. या पांढरीने ती परत आणली.

तू जोरात हसला होतास. "मागं जाताना टीं टीं करती आनि पुढं जाताना मुकी! जल्ला, हिला तर तूच पाहिजेस डायवर. चल, बोलत ऱ्हा."

मी काय बोलणार? मी पाढे म्हटले. काच खाली करून, बे एके बे. तू पाठमोरा, खांदे हलताहेत हसून. "शालेत आलो काय रं आपन?" पाढे संपल्यावर मी दुकानांच्या पाट्या म्हटल्या, घणसोली नाक्यापासून सुरुवात करून. मग मार्केटातल्या गाळ्यांवरच्या कांदा-बटाट्याच्या आरोळ्या. माझे वडील माथाडी होते, त्या आरोळ्या मला पाठ. त्या तू मागून मागून ऐकायचास.

त्या बांधावर मी गाडी चालवायला नव्याने शिकलो. पायाने नुसतं विचारावं तेवढं दाबलं तरी ती पांढरी पूर्ण ताकदीने ओढते, गुरगुरत नाही, वेळ घेत नाही. पाय उचलला की आपली आपण आवळत थांबायला बघते, आणि ओल्या मातीवर तेच आवळणं तिला घसरवतं. तू सांगायचास, "अंड्यावर पाय ठेवल्यासारका ठेव." मी ठेवायचो. गाडी तरंगल्यासारखी पुढे यायची. बगळे उडायचे नाहीत. आपण दोघं काही न मोडता, काही न दुखावता त्या खाजणातून जातोय असं वाटायचं.

आणि एका रविवारी पाढे म्हणता म्हणता मी भलतंच बोललो. आमचं पहिलं मूल जन्मताच गेलं, ते तुला माहीत होतं. दवाखान्यातून त्याला कापडात गुंडाळून मी एकटा घेऊन गेलो, ते माहीत नव्हतं. बायकोला मी त्याचं तोंड बघू दिलं नाही. तिला त्रास होईल म्हणून, असं मी आयुष्यभर स्वतःला सांगितलं. खरं तर मलाच तिच्या रडण्याची भीती वाटत होती. हे मी तुझ्या पाठीला सांगितलं. तू थांबला नाहीस, वळला नाहीस. टाच दाबत चालत राहिलास. फक्त डावा हात जरा मागे केलास, तळवा उघडा, आणि तसाच ठेवून चाललास बराच वेळ.

त्यानंतर मी रविवारची वाट बघायला लागलो. समोर बसलेल्या माणसाशी मला बोलता येत नाही, कमळ्या. पाठमोऱ्या माणसाशी येतं. बायकोलाही मी जे कधी बोललो नाही ते त्या बांधाने ऐकलंय, आणि परत गाडीत बसताना पाय पुसत तू कधी एका शब्दाने विचारलं नाहीस की संपत, ते मघाचं काय होतं. "बर्फ वितळला बग," एवढंच म्हणायचास. तुझे उपकार म्हणायला गेलो तर तू शिवी घातली असतीस. पण होते.

एक गोष्ट मात्र तुझ्या पाठीलाही सांगितली नव्हती. आपली दोघांची गाडी सोडून मी तळोज्याच्या एका कंपनीत नोकरी धरत होतो. गाड्यांवर देखरेख करायची, खुर्ची, पंखा, महिन्याचा पगार. होकार देऊन झाला होता. त्या रविवारी सकाळी, मी बर्फ आणायला गेलो असताना, चार्जिंगच्या ठिकाणी कुणीतरी तुला सहज म्हणालं, "संपतराव साहेब झाले म्हणे."

जासईपर्यंत तू काही बोलला नाहीस. तू न बोलणं म्हणजे काय असतं ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मग भिंतीपाशी गाडी थांबवून म्हणालास, "खरा हाय?"

"हो."

"सांगनार कवा व्हतास?"

"सांगणारच होतो."

"कवा पन? माज्या दहाव्याला?"

मी बाहेर बघत राहिलो.

"जा की रं. कोन धरून ठेवतंय? नोकरी कर, साहेब हो, मी पेढे वाटीन. पन मना त्या चार्जिंगवाल्याकडून कलावा?" मग तू सीटवर हात आपटलास. "घाट्याचा पोट म्हंजे हीर हाय हीर. दगड टाकला तरी आवाज येत नाय. इतकी वर्षं मी वाकून बगतोय त्या हिरीत."

घाट्या तू मला हजारदा म्हणालास, मी तुला आगऱ्या म्हणालो. कधी बोचलं नाही. त्या दिवशी बोचलं, कारण खरं होतं. आणि दुसरंही एक कारण होतं. आम्ही तुमच्या चाळीत भाड्याने राहायचो. तुझ्या आईने मला तुझ्याच ताटात जेवायला घातलं, भाडेकरूचा पोरगा असं तुमच्या घरात कुणी कधी म्हटलं नाही. पण मी स्वतःला रोज म्हणत आलो. भागीत गाडी घेतली तरी दार तुझं, वायर तुझी, तळं तुझ्या सासरचं, आणि मी स्टेअरिंगवर. मला एक खुर्ची हवी होती जी तुझ्या अंगणात नसेल. हे तुला कसं सांगू? तू काही वाईट केलं असतंस तर सांगणं सोपं होतं.

तू चपला काढल्यास. सीटखाली सरकवल्यास. उतरलास. एवढ्या रागातही दार हळू लावलंस आणि सवयीने म्हणालास, "बोलत ऱ्हा."

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर.

मी मुद्दाम गप्प बसलो. विसरलो नव्हतो. घसा बसला नव्हता. मनात म्हटलं, विहीर म्हणालास ना, मग घे विहीर. चाल आज एकटा. तुला एकदा वळून बघायला लावायचं होतं. तू वळशील, ओरडशील, "मेला काय रं?" आणि मग मी बोलेन, असा हिशेब होता. तेवढाच होता. मी काच वर केली, कमळ्या. हे आजवर कुणालाच माहीत नव्हतं. काच वर केली.

उधाणाने बांध एका ठिकाणी खाल्लेला होता. तू तिथे थांबलास, वाकलास, हाताने माती चाचपत होतास. तुला मागून काही ऐकू येत नव्हतं. आवाज बंद म्हणजे गाडी उभी. तू निर्धास्त होतास.

गाडी उभी नव्हती. मागचं चाक गाळात फिरायला लागलं होतं. बोलत असतो तर माझा आवाज बदलला असता, "थांब थांब, रुतलं" असं काही तोंडातून गेलंच असतं, तू बाजूला झाला असतास. मी ओठ आवळून नुसता पाय दाबला. रागाने दाबला. अंडं विसरलो. चाकाला कुठेतरी घट्ट माती लागली आणि ती पांढरी एकदम सुटली. मी पाय उचलला, तशी ती आवळली आणि आवळलेल्या चाकांवर घसरत तुझ्यापर्यंत गेली. शेवटच्या क्षणी तू मान वळवलीस. तुझ्या तोंडावर भीती नव्हती, आश्चर्य होतं.

यार्डातली माणसं धावत आली. तुला पिकअपच्याच हौद्यात घातलं, मासळीच्या रिकाम्या पोत्यांवर. त्यांच्यातला एक जण चालवायला बसला, मी मागे तुझं डोकं मांडीवर घेऊन. रस्त्यात ट्रेलरची रांग. तुझे डोळे उघडे होते, जासई नाक्यापर्यंत तरी नक्की उघडे होते, आणि माझ्याकडे होते. इंजिनाचा आवाज नाही. मी नुसतं पुटपुटलो असतो तरी तुला ऐकू गेलं असतं. माझी चूक झाली, एवढं म्हणायला किती श्वास लागतो? तू वाट बघत होतास असं मला वाटतं. मग बघायचा थांबलास.

चौकीत मी सांगितलं की मी हाक मारली, हॉर्न दिला, त्याला ऐकू आलं नाही. अपघात लिहिला गेला. तुझ्या कानात हल्ली दडे बसायचे, टीव्ही मोठा लावायचास, हे गल्लीभर माहीत होतं. त्यामुळे माझं खोटं लगेच बसलं, जणू त्याच्यासाठी जागा करूनच ठेवली होती. दहाव्याला येणारा जाणारा म्हणत होता, कान अधू होता बिचाऱ्याचा. आणि वहिनी भिंतीला टेकून प्रत्येकाला तेच सांगत होत्या, "मी बोलली व्हती त्याला, कान दाखव. मीच मागं लागाला पाहिजे व्हती. मीच नेला नाय."

मी ते ऐकलं. समोर बसून ऐकलं. आणि पाण्याचे ग्लास उचलून आत नेले.

हल्ली मी रस्त्याने चालताना सारखा मागे वळतो. मागे काही नसतं, आणि त्याचीच भीती वाटते. सोसायटीच्या गेटपाशी, भाजीवाल्यासमोर, मध्येच. बायको म्हणते, कुणी हाक मारली का? नाही. कुणीच मारली नाही. एकदा बांधावरही जाऊन आलो. तुझी पावलं वाळून विटेसारखी झालीत. टाचा खोल, बोटं फाकलेली. त्यांच्यामागे माझ्या चाकांचे पट्टे, शिस्तीत, अंतर राखून. मग पट्टे पावलांच्या जवळ येतात. मग पावलांवर चढतात. पुढच्या उधाणाला जाईल सगळं. तिथे उभा राहून मला कळलं की हे वाचता येणारा मी एकटाच आहे, आणि पाण्याला पुसू द्यायचं असेल तर मला फक्त आणखी थोडं गप्प राहायचंय. ते मला छान जमतं.

आज दुपारी तुझ्या घरी गेलो. पांढरी चौकीतून सुटून दारात आली होती. वहिनी पायरीवर चार्जिंगची वायर गुंडाळत बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "भाऊजी, एक काम करशील? दवाखान्यात जाऊन इचार, त्याच्या चपला तिकडंच ऱ्हायल्या. तीनदा फोन केला, बोलतात, आले तवा पायात नव्हत्याच."

चपला कुठे आहेत ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी पिकअपचं दार उघडलं, सीटखाली हात घातला आणि काढून त्यांच्यापुढे ठेवल्या. उजवीचा अंगठा शिवलेला. वहिनी त्यांच्याकडे बघत राहिल्या. आणि मी, त्यांच्या समोर, त्यांच्या तोंडाकडे बघत, सगळं सांगितलं. नोकरी, विहीर, वर केलेली काच. हाक मारली नव्हती. हॉर्न दिला नव्हता. दवाखान्याच्या वाटेवरही तोंड उघडलं नव्हतं.

त्या वायर गुंडाळायच्या थांबल्या. वरच्या बाई गॅलरीत आल्या आणि परत आत गेल्या.

वहिनी म्हणाल्या, "म्हंजे त्याला ऐकू येत व्हता."

"हो, वहिनी. हाक मारली असती तर ऐकू आली असती."

त्यांनी एक चप्पल उचलून मांडीवर घेतली. रडल्या नाहीत. चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं आणि दुसरं काहीतरी चढलं, आणि ते दुसरं माझ्यासाठी होतं.

"चौकीत?"

"उद्या जातो. जबाब बदलून देतो. जे होईल ते होईल."

"जा." मग वायर बाजूला ढकलून, "नि ही गाडी ने माज्या दारातून. आत्ता."

मी किल्ली घेतली. मी वळलो तेव्हा त्या मागून म्हणाल्या, "नोकरीचा मना म्हायती व्हता. त्यानं चार्जिंगवरनं फोन केला व्हता त्या दिशी. बोलला, गाढवाला नोकरी लागली, पेढे आनून ठेव."

हे तू मला का सांगितलं नाहीस, कमळ्या? तूही विहीरच की रे.

गल्लीबाहेर न्यायला मी पांढरी सरळ समोर काढली. तू नेहमी उलटी लावायचास, निघताना सोपं जावं म्हणून; चौकीतून आणणाऱ्यानेही ती तशीच लावली होती. त्यामुळे टीं टीं झालं नाही. ती मुकी निघाली. दोन्ही बाजूंना दारं, पायऱ्या, पाठमोरी माणसं, कुणालाच काही ऐकू येत नव्हतं. मी काच खाली केली. पूर्ण खाली. आणि मोठ्याने सुरुवात केली. बे एके बे. बे दुणे चार. माणसं बाजूला व्हायला लागली. कुणी हसलं, कुणी म्हणालं, संपतरावाच्या डोक्यावर परिणाम झाला. मी थांबलो नाही. पाढे संपले तशा वडिलांच्या आरोळ्या घेतल्या, त्या संपल्यावर तुझ्याशी बोलायला लागलो, आणि घणसोली नाक्यापर्यंत जे बोललो तेच आता रात्री घरी बसून इथे लिहिलंय.

पुढचा बांध कसा आहे मला दिसत नाही. टाच दाबून बघ. पाणी वर आलं तर हात कर. सावकाश चाल, मागे वळून बघू नकोस. काच खाली आहे. मी बोलतोय.